जॅक गेला म्हणून बोर्ड जात नाही

मोबाइल चार्जिंगला लावला तर लागतो, नाहीतर नाही. लॅपटॉपची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा पेटतो. गेमच्या कन्सोलचं चित्र केबलला हात लागला की जातं. दुरुस्तीच्या टेबलावर रोज येणाऱ्या या तक्रारी. प्रोसेसर, मेमरी, पॉवर आयसी, सगळं ठणठणीत असतं. बिघाड असतो तो बोर्डाच्या काठावर बसवलेल्या, बोटाच्या पेराहून लहान अशा एका जॅकमध्ये. तरीही ग्राहकाला पुष्कळदा एकच उत्तर मिळतं: मदरबोर्ड बदलावा लागेल. काही रुपयांच्या भागापायी काही हजारांचा बोर्ड भंगारात जातो, आणि कित्येकदा बोर्डासोबत अख्खं उपकरणही.

या कामाबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे पिन बदलणं हे चहा पिऊन होईपर्यंतचं काम आहे, कुणीही करतो. दुसरा म्हणजे बोर्डाला एकदा बाहेर कुठे डाग दिला की तो बोर्ड कामातून गेलाच. दोन्ही खोटे आहेत, आणि दोन्हींमुळे नुकसान होतं. कनेक्टर हा गाडीच्या टायरसारखा झिजण्यासाठीच असलेला भाग आहे. तो बदलावा लागणं यात नवल काहीच नाही. मात्र या दुरुस्तीचा निकाल नवा जॅक बसवताना लागत नाही, जुना काढताना लागतो. आणि तो काढता येईल की नाही, हे बरंचसं कारागिराच्या हाती येण्याआधीच, बोर्डाचा आराखडा काढणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं.

झीज किती होणार याचा अंदाज बनवणाऱ्यांनी आधीच बांधलेला असतो. यूएसबीचा जुना चपटा टाइप-ए जॅक किमान १,५०० वेळा घालण्या-काढण्यासाठी ठरवलेला होता, मिनी-यूएसबी ५,००० वेळा, मायक्रो-यूएसबी आणि टाइप-सी १०,००० वेळा. दिवसातून तीनदा चार्जर लावला तर दहा हजार म्हणजे नऊ वर्षं झाली. मग दीड-दोन वर्षांत पोर्ट का जातो? कारण हा आकडा सरळ आत, सरळ बाहेर अशा हालचालीचा आहे. प्रत्यक्षात फोन चार्जिंगला लावून आपण अंथरुणावर कुशीला वळतो, केबलवर वजन पडतं, वायरला पाय अडकतो. प्लग हा अशा वेळी तरफेचं काम करतो आणि सगळा जोर जॅकच्या पायांखालच्या सोल्डरवर येतो.

२००७ साली मायक्रो-यूएसबी आलं तेव्हा त्यात एक चांगली सुधारणा केलेली होती. ज्या स्प्रिंगच्या पत्त्या सगळ्यात जास्त झिजतात, त्या जॅकमधून काढून केबलच्या प्लगमध्ये घातल्या, म्हणजे आधी केबल जावी, फोन नाही. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या टाइप-सीने हेच तत्त्व ठेवलं; त्याच्या जॅकमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर वर १२ आणि खाली १२ असे एकूण २४ सपाट संपर्क, आणि स्प्रिंगा प्लगमध्ये. पण स्वस्तातल्या कित्येक फोनांत मायक्रो-यूएसबीचं पत्र्याचं कवच बोर्डाच्या फक्त पृष्ठभागावर चिकटवलेलं असे, आरपार जाणारे पाय नसत. जॅक झिजायच्या आधीच बोर्डावरून उपटून निघे. चांगल्या मानकावर काही पैसे वाचवण्याने कसं पाणी फिरतं, त्याचं हे मला ठाऊक असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

उपकरणाच्या आतले कनेक्टर तर आणखी नाजूक. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा यांच्या पट्ट्या ज्या बारीक जोडांनी बोर्डाला लागतात, त्यांतले अनेक फक्त दहा ते तीस वेळा उघडण्यासाठी बनवलेले असतात. कारखान्यात एकदा, दुरुस्तीत दोन-चारदा, एवढाच हिशेब. पातळ पट्टी जिथे सरकवून बसवतात त्या जोडांवर एक छोटी झडप असते. ती काही ठिकाणी वर उचलायची असते, काही ठिकाणी बाहेर सरकवायची. घाईत उलट्या बाजूने उचकटली की झडप तुटते, आणि ही तोडफोड बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या हातून होत नाही, आधीच्या दुरुस्तीतच झालेली असते.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे गंज. दोन धातू एकमेकांवर टेकले की सगळा पृष्ठभाग सगळ्या पृष्ठभागाला भिडतो असं आपल्याला वाटतं. स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी आयुष्यभर या विषयाचा अभ्यास करून दाखवलं की वीज जाते ती मोजक्या सूक्ष्म टोकांमधून. बाकीचा भाग नुसता जवळ असतो. त्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढला की जोड दिसायला घट्ट, पण वीज अडलेली. कथलाचा मुलामा दिलेले संपर्क जराशा थरथरीनेसुद्धा एकमेकांवर घासत राहतात, घासलेल्या जागी ऑक्साइडची पूड साचते आणि विरोध वाढत जातो. म्हणून महत्त्वाच्या संपर्कांवर निकेल आणि त्यावर सोन्याचा पातळ थर असतो. तो झिजला की मागे उरतो तो साधा धातू.

आपल्याकडे पूर्वी टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटला फुंकर मारायची पद्धत होती ती याचसाठी. प्रत्यक्षात फुंकरेने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घालताना संपर्क घासले जात आणि गेम चालू होई. फुंकरेतला ओलावा उलट गंज वाढवत असे.

कोकणात आणि मुंबईत खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला तर होतं ते नुसत्या पाण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा फार वाईट असतं, कारण आता पाण्यासोबत विजेचा दाब आला. धन बाजूच्या पिनेचा धातू विरघळून निघू लागतो. पाणी गेलेला जॅक भिंगाखाली पाहिला तर पाच व्होल्टच्या पिना काळ्या किंवा हिरव्या पडलेल्या आणि ग्राउंडच्या पिना तुलनेने चकचकीत, असं चित्र दिसतं. फोन भिजला तर चार्जिंगला लावायचा नाही, हा सल्ला एवढ्यासाठीच पाळावा.

जॅक काढायच्या आधी तो खरंच गेला आहे का, हे पाहणं यातच निम्मं काम असतं. "चार्जिंग पिन लूज झालीय" म्हणून आलेल्या फोनांपैकी कितीतरींच्या पोर्टमध्ये खिशातल्या कापडाचा भुगा दाबून बसलेला असतो. प्लग शेवटपर्यंत जात नाही, म्हणून धरत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद कोरून काढला की काम होतं. धातूची सुई घालू नये. टाइप-सीमधली जीभ पातळ असते आणि एकदा मोडली की मग जॅक बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

टाइप-सीच्या खोड्या ओळखायला एक सोपी युक्ती आहे, आणि ती फारशी कुणी ग्राहकाला समजावून सांगत नाही. या जॅकमध्ये सीसी नावाचे दोन संपर्क असतात, वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत एक. साध्या उपकरणात त्या प्रत्येकावर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असतो. चार्जर त्यांच्यापैकी एकावर हा रेझिस्टर शोधतो, तो सापडला तरच वीज सोडतो. म्हणून केबल एका बाजूने लावली तर फोन चार्ज होत असेल आणि उलटी करून लावली तर नाही, तर दोन सीसींपैकी एकाचा जोड तुटला आहे, असा पहिला संशय घ्यावा. आणि जुन्या चपट्या चार्जरच्या केबलने चार्ज होतो पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने मुळीच होत नाही, तर दोन्ही सीसींकडे पाहावं. जुना चार्जर काही न विचारता पाच व्होल्ट देतो, नवा विचारल्याशिवाय देत नाही. यात बोर्डावरचे ते इवले रेझिस्टरच गेलेले असू शकतात, जॅक ठीक असू शकतो.

पुढचा तपास मल्टिमीटरचा. बॅटरी सोडवायची, मीटर डायोड मोडवर ठेवायचा, लाल टोक ग्राउंडला आणि काळ्या टोकाने एकेक पिन तपासायची. जोडीच्या दोन डेटा लाइनींचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक बरोबर आणि दुसरी पार उघडी दाखवत असेल तर कुठेतरी प्रिंट, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, तुटली आहे किंवा सोल्डर सुटलं आहे. शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट आहे. हा तपास काही मिनिटांचा असतो. तो न करता थेट गरम हवेचा ब्लोअर हातात घेणाऱ्या दुकानातून आपला फोन परत न्यावा, असं मी स्पष्ट सांगेन.

आता मुख्य काम, जुना जॅक काढण्याचं. इथे धातूंचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. जुनं सोल्डर म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ते बरोबर १८३ अंश सेल्सियसला वितळतं. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशाच्या वापरावर बंधन आणलं आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील-चांदी-तांब्याचं मिश्रण धरलं. ते वितळायला २१७ ते २२० अंश लागतात. बोर्ड ज्या काच आणि इपॉक्सीच्या पत्र्याचा बनतो, त्यातलं इपॉक्सी १३० ते १८० अंशांच्या दरम्यान कुठेतरी मऊ व्हायला लागतं. म्हणजे सोल्डर वितळेपर्यंत तांब्याची प्रिंट ज्या रेझिनला धरून असते, त्याची पकड आधीच सैल झालेली असते. अशा वेळी जॅक ओढला आणि त्याच्या चोवीस पायांपैकी एकही अजून घट्ट असला, तर सोल्डर सुटत नाही, पायाखालचा तांब्याचा पॅडच उखडतो.

त्यातून जॅकच्या कवचाचे पाय ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले असतात. तांबं बोर्डाच्या पत्र्याच्या हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. कारागीर सोल्डरिंग आयर्न लावून बसतो, टोकाशी चारशे अंश असतात, पण बोर्ड ती सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि ग्राउंडचे पाय काही सुटत नाहीत. मग तो तापमान वाढवतो, वेळ वाढवतो, आणि शेवटी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो. बहुसंख्य बोर्ड इथे मरतात.

चांगल्या हाताचं काम पाहायला मिळालं तर पाहावं. बॅटरी आधी सोडवलेली. बोर्ड क्लॅम्पमध्ये. आजूबाजूच्या प्लास्टिकवर आणि सुट्या भागांवर पिवळट कॅप्टॉन टेप. चार्जिंग पोर्टला खेटून बहुतेक फोनांत मायक्रोफोन असतो. त्याच्या भोकात गरम हवा किंवा फ्लक्स गेला की फोन चार्ज होऊ लागतो पण समोरच्याला आपला आवाज ऐकू जात नाही, म्हणून तो आधी झाकलेला. सगळ्या पायांवर पेस्ट, म्हणजे फ्लक्स. मग आयर्नने प्रत्येक पायावर थोडं शिशाचं सोल्डर मुद्दाम चढवायचं, म्हणजे कारखान्याचं चिवट मिश्रण त्यात मिसळून कमी तापमानाला वितळू लागतं. खालून प्रिहीटर बोर्डाला शंभर-दीडशे अंशांवर आणून ठेवतो, त्यामुळे वरून कमी उष्णता पुरते. मग हॉट एअरचं तोंड गोल गोल फिरवत वरून हवा. चिमट्याने जॅकला अगदी हलका धक्का द्यायचा. सगळे पाय वितळलेले असतील तर जॅक सरकतो आणि द्रव सोल्डरच्या ताणाने आपोआप जागेवर परततो. ही खूण दिसली की मगच सरळ वर उचलायचा. ती दिसत नाही तोवर थांबायचं. थांबण्याची ही सवय म्हणजेच या कामातलं कसब आहे. बाकी सगळं यंत्रं करतात.

काही जण जुन्या सोल्डरमध्ये बिस्मथ असलेलं मिश्रण घालतात. कथील-बिस्मथ १३८ अंशांनाच वितळतं, त्यामुळे जॅक फार सहज निघतो. पण हे मिश्रण काढून टाकावं लागतं, नीट, तांब्याच्या वेणीने पुसून, दोनदा. शिसं, कथील आणि बिस्मथ एकत्र उरले तर त्यांचा काही अंश सुमारे ९६ अंशांनाच वितळतो. चार्जिंगच्या जोडावर असा ठिसूळ, लवकर मऊ होणारा थर ठेवून बोर्ड परत देणं ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना.

पॅड उखडले तरी बोर्ड जात नाही. हे वाक्य मी जोर देऊन लिहितो, कारण नेमक्या याच टप्प्यावर बोर्ड बदला असं सांगितलं जातं. बोर्डावरचं तांबं बहुधा १८ ते ३५ मायक्रोमीटर जाडीचं असतं, केसापेक्षा बारीक. पॅड गेला की त्याला जोडलेली प्रिंट बोर्डावर पुढे कुठे जाते ते शोधायचं. मायक्रोस्कोपखाली धारदार पात्याने तिच्यावरचा हिरवा मुलामा मिलिमीटरभर खरवडायचा, तांबं चमकलं की थांबायचं. त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा, इनॅमलची बारीक तार त्याला डाग देऊन जोडायची, तार जुन्या पॅडच्या जागी वळवून आणायची, आणि वर यूव्ही मास्कचा थेंब टाकून अतिनील दिव्याखाली तो कडक करायचा. बाजारात याला जंपर मारणं म्हणतात. शब्द रांगडा आहे, पण काम सोनाराच्या तोडीचं.

याहून पक्की पद्धतही आहे. आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संस्थेचं ७७११/७७२१ हे मानक पुनर्जोडणी आणि दुरुस्ती यांसाठीच आहे. त्यात तयार तांब्याचे नवे पॅड उष्णतेने आणि दाबाने चिकटवणं, तुटलेल्या प्रिंटवर तांब्याची पट्टी जोडून वर इपॉक्सी भरणं, आरपार छिद्राचं आतलं तांब्याचं अस्तर निघालं असेल तर तिथे छोटी पोकळ रिव्हेट बसवणं, या सगळ्याच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. दुरुस्त केलेला बोर्ड कमअस्सल मानण्याचं कारण नाही, याचा हा पुरावा.

मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. जंपर वीज नेतो, जोर सोसत नाही. जॅकला आधार देतात ते त्याच्या कवचाचे पाय. ते पाय पुरेसं सोल्डर देऊन, छिद्रात पूर्ण भरून बसवले नाहीत तर बारीक तारांचं सगळं सुंदर काम महिनाभरात तुटतं. छिद्रांचं अस्तर गेलेलं असेल तर आसपासचा ग्राउंड खरवडून कवच तिथे जोडावं लागतं. जॅक नुसता गरम गोंदाने दाबून बसवणं, किंवा चार्जरची वायर कापून थेट बोर्डाला डाग देणं, या गोष्टी दुरुस्तीच्या नावाखाली होतात. अडल्या वेळी रात्र काढण्यापुरतं ते समजू शकतो. पैसे घेऊन ते करणं मला पटत नाही.

दुरुस्ती अडते ती दोन ठिकाणी. पहिलं, बोर्डाच्या पोटात. फोनच्या बोर्डाला आठ-दहा थर असतात. आरपार छिद्राचं अस्तर ओढलं गेलं तर वरच्या आणि खालच्या थराला रिव्हेटने जोडता येतं, पण त्याच छिद्रातून मधल्या थराला जाणारा जोड तुटला असेल तर तो डोळ्याला दिसत नाही आणि रिव्हेट तिथवर पोचत नाही. मग बोर्डाच्या नकाशावरून ती लाइन दुसरीकडे कुठे वर येते ते शोधून तिथून तार आणावी लागते. नकाशा नसेल तर अंधारात चाचपडणं. दुसरं, वेगवान सिग्नल. चार्जिंगची किंवा साध्या यूएसबीची लाइन जंपरवर चालते. पण एचडीएमआयच्या १९ पिनांमधल्या चित्राच्या जोड्या, किंवा यूएसबी-३ च्या जोड्या, यांच्या दोन तारांमधलं अंतर आणि लांबी मोजून मापून ठेवलेली असते. तिथे वळसा घालून आणलेली तार मीटरवर बरोबर दाखवते, आवाज येतो, चित्र मात्र ठिपके मारतं किंवा येतच नाही. कन्सोलच्या एचडीएमआय जॅकच्या दुरुस्तीत हे वारंवार दिसतं. अशा ठिकाणी तार शक्य तितकी आखूड, मूळ वाटेवरूनच, आणि जोडीतल्या दोन्ही तारा सारख्या ठेवाव्या लागतात.

जास्त करंटच्या कनेक्टरचं शास्त्र थोडं वेगळं आहे. इथे तुटण्याऐवजी जळणं जास्त. संपर्काचा विरोध एक दशांश ओहम झाला आणि त्यातून दोन अँपिअर गेले तर ०.४ वॉट उष्णता तयार होते. दहा अँपिअर गेले तर दहा वॉट, आणि तेही टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं, पत्तीची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी ढिली होते, विरोध आणखी वाढतो. इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, एसी यांच्या बोर्डावरचे तपकिरी पडलेले कनेक्टर असेच असतात. २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आलं, तेव्हा त्याचे १६ पिनांचे पॉवर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्या कनेक्टरला ६०० वॉटपर्यंत न्यायचे होते, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा पिनांतून. प्लग पूर्ण बसला नाही की काही पिनांवर जास्त भार. पुढे त्याचा सुधारित अवतार आला, त्यात प्लग अर्धवट असताना कार्डला जास्त वीज मिळू नये म्हणून जाणीव देणाऱ्या पिना आखूड केल्या. अशा जळालेल्या जोडात फक्त बोर्डावरचा भाग बदलून भागत नाही. समोरच्या केबलच्या टोकाची पत्तीही तेवढीच भाजलेली असते; ती तशीच ठेवली तर नवा कनेक्टर पुन्हा जळतो. वायरला डाग देण्याऐवजी नवी पत्ती योग्य पकडीने दाबून बसवावी. आणि घरगुती वीज थेट येणाऱ्या बोर्डावर हात घालण्याआधी मोठा कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करावी. २३० व्होल्ट आत आले की त्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो.

काम झाल्यावर धुण्याचा कंटाळा करणारे फार. उरलेला फ्लक्स, धुण्याची गरज नाही असं डबीवर लिहिलेलं असलं तरी, नीट तापला नसेल तर दमट हवेत वीज झिरपू देतो. पावसाळ्यात परत येणाऱ्या कामांमागे पुष्कळदा हेच असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो. थिनरने प्लास्टिक खराब होतं. आणि कारागिराच्या फुप्फुसांचाही विचार हवा. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, शिसं पोटात जातं ते हाताला लागून, त्याच हाताने वडापाव खाल्ल्याने. धूर येतो तो फ्लक्समधल्या रोझिनचा, आणि त्याने दमा होतो हे वैद्यकशास्त्रात चांगलं नोंदलेलं आहे. दोन पावलांच्या दुकानात दिवसभर त्या धुरात बसणाऱ्या पोरांना एक छोटा धूर ओढणारा पंखा मिळायला हवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत साधनं घ्यायला जाणाऱ्याने मायक्रोस्कोपच्या आधी तो घ्यावा.

आता आराखड्याकडे येतो. बऱ्याच फोनांत चार्जिंगचा जॅक मुख्य बोर्डावर नसतो. तो खालच्या छोट्या सबबोर्डावर असतो आणि पट्टीने वर जोडलेला असतो. अनेक लॅपटॉपांत चार्जिंगचा गोल जॅक वायरच्या टोकाला असतो. अशा उपकरणांत दुरुस्ती म्हणजे स्क्रू काढणं आणि नवा भाग लावणं. ब्लोअर लागतच नाही. हाच जॅक मुख्य बोर्डावर थेट बसवला की तीच दुरुस्ती तज्ज्ञाची होते. अ‍ॅपलने २००६ मध्ये मॅकबुकला चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन दिली. वायरला पाय अडकला तर पिन सुटते, बोर्डाला धक्का बसत नाही. फ्रेमवर्क या कंपनीच्या लॅपटॉपात बाहेरचे पोर्ट छोट्या कार्डांवर असतात आणि रोजची झीज ती कार्डं सोसतात. फेअरफोन चार्जिंग पोर्ट सुटा भाग म्हणून विकते. हे सगळं शक्य आहे, चालतं, विकलं जातं.

कायद्यानेही या बाजूला हात घातला आहे. युरोपीय संघाने टाइप-सी पोर्ट नव्या फोनांना २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचा केला. जगभर एकच जॅक म्हणजे सुटे भाग आणि कारागिराचा सराव दोन्ही एकवटतात. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या स्मार्टफोनच्या नियमांत कंपनीने दुरुस्ती करणाऱ्यांना जे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवायचे आहेत, त्यांत बाहेरचा चार्जिंग पोर्टही आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. पण आपल्या पोर्टलवर कंपनी माहिती देते ती मुख्यत्वे सर्व्हिस सेंटरचे पत्ते, वॉरंटी आणि किमती यांची. गल्लीतल्या दुकानाला हवे असतात ते अस्सल जॅक आणि बोर्डाचे नकाशे.

नकाशाशिवाय या कामाची मर्यादा ओलांडता येत नाही. उखडलेल्या पॅडची लाइन पुढे कोणत्या रेझिस्टरला जाते, मधल्या थरातून कुठे वर येते, हे नकाशावर क्षणात दिसतं; तो नसेल तर दुसरा चांगला बोर्ड समोर ठेवून मीटरने एकेक बिंदू शोधत बसावं लागतं. आज हे नकाशे कंपन्यांच्या बाहेर फिरतात ते चोरवाटांनी, आणि कारागीर ते पैसे देऊन मिळवतात. जॅकच्या बाबतीतही तेच. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन टाइप-सी जॅकांत एकाच्या कवचाला आरपार पाय असतात, दुसऱ्याला नसतात; एकाच्या संपर्कांवर सोनं असतं, दुसऱ्यावर पिवळा रंग दिसतो एवढंच. मॉडेलचा भाग क्रमांक जाहीर असेल तर दुकानदार बरोबर तोच मागवू शकतो. चार्जिंग पोर्टपुरते भाग क्रमांक आणि पोर्टपासून चार्जिंग आयसीपर्यंतचा नकाशा, एवढं जरी प्रत्येक कंपनीने खुलं केलं, तरी आज भंगारात जाणारे पुष्कळ बोर्ड त्याच दुकानात, त्याच दिवशी चालू होतील. याने कंपनीचं कोणतंही गुपित उघडं पडत नाही, आणि समितीने ही मागणी आधी लावून धरायला हवी.